साठ हजारांचं कर्ज, साड्या की भाकरी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी सांगलीत संजयनगरला राहते. नवरा कुपवाडच्या एमआयडीसीत कंत्राटावर आहे. मी सकाळी दोन घरी स्वयंपाकाला जाते. आता स्वतःचं काहीतरी करायचं आहे. गल्लीतल्या बायका गटातून साठ-साठ हजारांचं कर्ज उचलताहेत, मलाही नाव द्या म्हणतात. जाऊ म्हणते साड्या आण, हप्त्यावर चांगल्या जातात. मला भाकरी-चपातीचं जमेल असं वाटतं. काय करू? आणि जम बसला तर नवऱ्याला काम सोडून यातच यायला सांगू का?"

ताई, साड्या की भाकरी हे ठरवण्याआधी प्रत्येक धंद्याला एक प्रश्न विचारा: आज घातलेला रुपया किती दिवसांनी परत माझ्या हातात येणार? मी सांगली-मिरजेच्या वस्त्यांत बचत गट आणि गाड्यावाल्यांबरोबर बरीच वर्षं काम करते आहे. तिथे जे धंदे बुडाले, त्यातल्या बहुतेकांचा माल चांगला होता आणि बाई पहाटेपासून राबत होती. पण पैसा लोकांच्या घरात अडकलेला असायचा आणि हप्ता दर आठवड्याला दारात यायचा. या दोन्हींचा मेळ बसला नाही की चांगला धंदा चालवणारी बाईसुद्धा कर्जात जाते.

आता साड्यांचं बघा. समजा ६०० रुपयांच्या दहा साड्या आणल्या, म्हणजे ६,००० गेले. ८५० ला एक याप्रमाणे पाच हप्त्यांत दिल्या तर वहीवर ८,५०० दिसतात आणि २,५०० नफा. हे ऐकायला छान वाटतं. पण शेवटचा हप्ता यायला तीन महिने तर लागतातच, आणि मध्ये कुणाच्या घरी आजारपण आलं, कुणाची बदली झाली, कुणी खोलीच सोडून गेली, तर तो लांबतो. दोघींनी पूर्ण बुडवलं तर १,७०० गेले, म्हणजे नफ्यातला मोठा भाग तिथेच संपला. उरलेल्या आठशेंसाठी तुम्ही तीन महिने दारोदार फिरलात. ज्यांच्या दारात वसुलीला जायचं त्या तुमच्याच शेजारणी, रोज नळावर भेटणाऱ्या. जिच्या घरी बारशाला जेवून आलो तिला कडक बोलता येत नाही. साड्यांचा धंदा वाईट आहे असं मी म्हणत नाही. ज्या बाईकडे तीन-चार महिने अडकून पडलं तरी चालेल असा स्वतःचा पैसा आहे, तिला तो जमतो. कर्जाच्या पैशावर तो करू नका.

भाकरीचा हिशोब वेगळा आहे. आकडे मी हिशोबापुरते घेते, भाव तुम्ही तुमच्या दुकानात विचारून भरा. शाळूचं, म्हणजे ज्वारीचं पीठ दळणासकट ५५ रुपये किलो धरा. हाताच्या नीट भाकरी किलोत दहा होतात. साठ भाकरींना सहा किलो, म्हणजे ३३० रुपये. जळण ७०, कागद-पिशव्या आणि वडापचं (शेअर गाडीचं) भाडं ५०. भाकरी १२ रुपयांना गेली तर ७२० आले. हातात २७० राहिले, आणि त्याच दिवशी राहिले. उद्याचं पीठ आजच्या पैशातून येतं. महिन्यात २६ दिवस केलंत तर सात हजारांच्या आसपास होतात. यातून कधी दहा भाकरी उरतील, कधी अंगात कणकण असल्यानं सुट्टी पडेल, म्हणून मी मनाशी सहाच हजार धरते. पण या धंद्याला भांडवल किती लागलं? मोठा तवा, परात, आठवड्याचं पीठ आणि गॅसच्या टाकीचं डिपॉझिट मिळून आठ-दहा हजारांत बसतं. मग साठ हजार कशाला?

टाकीवरून आठवलं. घरगुती १४.२ किलोची टाकी धंद्याला वापरणं नियमात बसत नाही आणि कुणीतरी तक्रार केली तर टाकीही जाते, धंदाही थांबतो. १९ किलोची व्यावसायिक टाकी महाग वाटत असेल तर सुरुवातीला ५ किलोची छोटी टाकी मिळते. चुलीवर करणार असाल तर धूर बाहेर जाईल अशी जागा आधी बघा. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात दोन तास चुलीपुढे बसणं काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको, पण खोकल्यानं बसून गेलेल्या बायका मी बघितल्या आहेत. भाकरीच्या धंद्यात तुमचं शरीर हेच यंत्र आहे.

गिऱ्हाईक कुठलं, हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. संजयनगरच्या गल्लीत भाकरी विकायची ठरवलीत तर दोन अडचणी येतात. बहुतेक घरांत बाई स्वतः भाकरी करते. आणि जिला विकत हवी आहे तिचा खिसाही तुमच्याच खिशासारखा असतो: नवऱ्याचा पगार लांबला की तीही उधार मागते. गल्लीतला पैसा गल्लीतच फिरत राहिला तर कुणाच्याच घरात वाढत नाही. म्हणून विकायला वस्तीबाहेर जा. सांगलीत सिव्हिल आहे. मिरजेला तर दवाखान्यांचंच गाव म्हणतात. विल्यम वानलेस यांनी तिथे १८९४ मध्ये मिशनचं हॉस्पिटल उभं केलं, पुढे १९६२ मध्ये शासकीय मेडिकल कॉलेज आलं, आणि आज गल्लोगल्ली खासगी दवाखाने आहेत. पेशंटबरोबर जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडची आणि कर्नाटकातली माणसं येतात, चार-चार दिवस राहतात. ही ज्वारीची भाकरी खाणारी माणसं आहेत, हॉटेलचं खाऊन त्यांचं पोट भरत नाही. दोन भाकरी, एक पालेभाजी, ठेचा एवढं घरचं मिळालं तर ती रोख पैसे देतात. चार दिवसांनी ती गावाला जाणार आणि त्यांच्या जागी दुसरी येणार, म्हणून उधारीचा प्रश्नच उरत नाही.

दुसरं गिऱ्हाईक विश्रामबागेतलं. वालचंद आणि विलिंग्डनच्या आसपास पोरांच्या मेस आहेत आणि अनेक मेसवाले भाकरी बाहेरून घेतात. तिथे दर कमी मिळेल, बारा ऐवजी आठ-नऊ, पण एकदम पन्नास जातील. मात्र मेसवाला म्हणेल, महिन्याला हिशोब करू. तिथे तुमचा रोजचा पैसा महिन्यावर गेला. पहिल्याच दिवशी सांगा, दर शनिवारी हिशोब. शनिवारी पैसे दिले नाहीत तर सोमवारी भाकरी येणार नाहीत, हेही तेव्हाच सांगा. हे बोलायला जड जातं, मान्य आहे. पण सुरुवातीला न बोललेली गोष्ट महिन्यानंतर बोलायला दुप्पट जड जाते.

वेळेचं एक सुचवते. तुम्ही सकाळी दोन घरी जाता. ती कामं लगेच सोडू नका. भाकरी संध्याकाळची करा, साडेपाचला बसा, साडेसातला माल बाहेर पडला पाहिजे. दवाखान्यात रात्रीच्या जेवणाला मागणी असतेच. दोन-तीन महिन्यांनी वहीत दिसेल की संध्याकाळचे दोन तास एका घरच्या स्वयंपाकापेक्षा जास्त देतात की कमी. जास्त देत असतील तर मग एक घर सोडा. दुसरं आणखी काही दिवस ठेवा.

चटणीचंही लक्षात ठेवा. शिवरात्रीनंतर पहिला पाऊस पडेपर्यंत आपल्याकडे घरोघरी वर्षाची कांदा-लसूण चटणी होते, आणि आता नोकरी करणाऱ्या बायकांना मिरची निवडायला, भाजायला वेळ नसतो. मिरची, खोबरं, मसाला त्यांचा, तुमची नुसती मजुरी. भांडवल शून्य आणि पैसे काम दिल्यादिवशी. कांडपाचा डंक स्वतः घेऊ नका. तो तीन महिने चालतो आणि नऊ महिने कोपऱ्यात बसून असतो, त्याचा हप्ता मात्र बाराही महिने असतो. भाजून, मिसळून तयार केलेला माल डंकावर नेऊन कांडून आणा.

आता साठ हजारांकडे येते. हे मायक्रोफायनान्सचं, म्हणजे कंपनी बायकांचा गट करून बिनतारण देते ते कर्ज २४ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतलं असं धरा. महिन्याला साधारण ३,१७० रुपये जातात आणि दोन वर्षांत ७६,००० च्या वर परत होतात. त्याआधी प्रोसेसिंग आणि विम्याचे कापून हातात साठही येत नाहीत. भाकरीतून तुम्हाला सहा-सात हजार मिळणार आणि त्यातले निम्मे या हप्त्याला जाणार, तेही धंद्याला ज्याची गरजच नव्हती अशा पैशासाठी. मला माहीत आहे असं घेतलेलं कर्ज कुठे जातं. दहा हजार धंद्यात, उरलेले दीराच्या लग्नात, पोराच्या फीमध्ये, पत्रा बदलण्यात. या गरजा खऱ्या आहेत, त्यांना मी नाव ठेवणार नाही. पण धंद्याच्या नावानं घेतलेलं आणि धंद्यात न फिरलेलं कर्ज फेडायचं ओझं शेवटी त्या छोट्या धंद्यावरच येतं, आणि तो त्याखाली दबतो.

तरी कधी असं कर्ज घ्यायची वेळ आली तर तुमचे हक्क माहीत असू देत. रिझर्व्ह बँकेचे नियम एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेलं बिनतारण कर्ज हे मायक्रोफायनान्स धरलं जातं. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. कर्जाचा कागद तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळाला पाहिजे, म्हणजे मराठीत मागा. मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करता येत नाही. वसुलीची जागा दोघांनी मिळून ठरवायची असते. तिथे तुम्ही लागोपाठ दोनदा आला नाहीत तरच त्यांनी घरी यायचं. "पैसे दिल्याशिवाय उठणार नाही" म्हणून रात्री आठला दारात बसणारा माणूस नियमाबाहेर वागतो आहे हे गटातल्या सगळ्या बायकांना ठाऊक असलं तर त्याला एकत्र सांगता येतं. आणि गटाच्या कर्जाला तुमची सही म्हणजे दुसरीचा हप्ता चुकला तर तोही तुमच्यापर्यंत येऊ शकतो, हे नाव देण्याआधी नीट विचारून घ्या.

आणखी एक कर्ज वस्तीत चालतं, त्याची मला खरी काळजी वाटते. दहा हजार सांगून हातात नऊ देतात आणि रोज शंभर रुपये शंभर दिवस घेतात. "हजारच तर जास्त गेले" असं वाटतं. पण नऊ हजार पूर्ण शंभर दिवस तुमच्याकडे नसतातच, पहिल्या दिवसापासून ते कमी होत जातात. नीट हिशोब केला तर वर्षाला पाऊणशे टक्क्यांच्या वर व्याज पडतं. महिना दहा टक्क्यांनी देणारे तर वर्षाला १२० टक्के घेतात. महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारी नियमनाचा कायदा आहे. परवाना नसलेली सावकारी गुन्हा आहे, आणि परवाना असलेल्यालाही शेतकरी नसलेल्या माणसाला बिनतारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांहून जास्त व्याज लावता येत नाही. तक्रार तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे करतात. भीती वाटते, एकटीनं जाववत नाही, म्हणून गटातल्या दोघी-तिघींना घेऊन जा आणि जाण्याआधी दिलेल्या पैशांच्या तारखा लिहून काढा.

मग आठ-दहा हजार आणायचे कुठून? कंपनीच्या कर्जाच्या गटातून नाही, तुमच्या स्वतःच्या बचत गटातून. महिना एक-दोन टक्के व्याज लागलं तरी ते व्याज गटातच राहतं, वर्षाच्या शेवटी तुमच्याच वाट्याला येतं. परतफेड रोजच्या कमाईला जुळवून घ्या: दिवसाला पन्नास रुपये डब्यात किंवा रोजची बचत गोळा करणाऱ्या पिग्मीवाल्याकडे, महिन्याला गटात भरणा. पिग्मी कुणाकडे ठेवता ते मात्र बघून ठेवा. आपल्या जिल्ह्यात पतसंस्था बुडून भाजीवाल्या बायकांचे पैसे अडकलेले लोकांनी पाहिले आहेत. पावती रोजच्या रोज घ्या, आणि पाच हजार झाले की बँकेतल्या स्वतःच्या खात्यात टाका.

शेजारच्या सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात म्हसवडला, चेतना सिन्हांनी १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक उभी केली. रिझर्व्ह बँकेनं आधी अर्ज नाकारला होता, कारण सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या बायका साक्षरता वर्गाला बसल्या, परत गेल्या आणि व्याजाचा हिशोब तोंडी करून दाखवते म्हणाल्या. मला ही बँक आवडते ती आणखी एका गोष्टीसाठी. रोज कमावणारी बाई धंद्याचे तास सोडून बँकेत येऊ शकत नाही, हे ओळखून तिथे माणूस बाजारात आणि दारात जाऊन पैसे गोळा करू लागला. बाईच्या हातात पैसा ज्या चालीनं येतो, त्याच चालीनं बचत आणि परतफेड झाली पाहिजे. तुमच्या गटातही हे करता येईल. महिन्याची बैठक आठवड्यावर आणा, रक्कम लहान ठेवा.

पैसे कुणाच्या खात्यात जातात हेही बघा. हल्ली दवाखान्यातली माणसंही मोबाईलवरून पैसे देतात. क्यूआर कोड घेताना बहुतेक घरांत नवऱ्याच्या नंबरवर घेतात, कारण स्मार्टफोन त्याच्याकडे असतो. मग भाकरी तुम्ही करता आणि पैसा त्याच्या खात्यात जातो, संध्याकाळी पिठाला मागून घ्यावा लागतो. नवरा चांगला असला तरी हे करू नका. खातं तुमचं, सिमकार्ड तुमचं, कोड तुमच्या नावाचा. पुढे बँकेत कर्ज मागायला जाल तेव्हा त्या खात्यातली रोजची छोटी-छोटी जमा हाच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा असतो, कारण वस्तीतल्या घराचा उतारा बहुतेकांकडे नसतो.

घरात दोन डबे ठेवा. एकात धंद्याचे पैसे, एकात घरचे. धंद्याच्या डब्यातून स्वतःला रोज ठरलेली मजुरी द्या, समजा १५० रुपये, आणि ती घरच्या डब्यात टाका. उरलेल्याला घरातल्या कुणीही, तुम्हीसुद्धा, हात लावायचा नाही. पोरगं दहा रुपये मागेल ते घरच्या डब्यातून. घरी चार भाकरी खाल्ल्या तर त्याही वहीत लिहा. वही साधी असू दे: आज किती आले, मालाला किती गेले, किती उरले, कुणाकडे येणं आहे. लिहिता येत नसेल तर पोरीला संध्याकाळी पाच मिनिटं बसवा.

कागदांचं फार मनावर घेऊ नका, पण टाळूही नका. खाण्याचा धंदा आहे, म्हणून अन्नसुरक्षेची नोंदणी करा. छोट्या विक्रेत्याला परवाना लागत नाही, नोंदणी पुरते, आणि मेस किंवा दवाखान्याचं कँटीन ती मागू शकतं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते, तिचे हजार-दोन हजार मागणाऱ्याला देऊ नका. सरकारच्या मुद्रा योजनेचं कर्ज काढून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्यालाही नाही. मुद्राच्या शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत बिनतारण कर्ज असतं, पण त्यासाठी खात्यावर सहा महिन्यांची उलाढाल दिसू दे, मग जा. पुढे दवाखान्याबाहेर बसून विकायला लागलात तर महापालिकेकडे पथविक्रेता म्हणून नोंद करा. ती नोंद किंवा शिफारसपत्र असलं तर पथविक्रेत्यांसाठीच्या सरकारी स्वनिधी योजनेचं पहिलं छोटं कर्ज मिळतं, वेळेत फेडलं तर व्याजात सात टक्के सवलत मिळते आणि पुढचं मोठं कर्ज उघडतं. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात हेही आहे की माल जप्त केला तर यादी द्यावी लागते, आणि नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत करावा लागतो. भाकरी-भाजी नाशवंतच आहे. अतिक्रमणवाल्यांची गाडी आली तर भांडू नका, यादी मागा.

पावसाळ्याचं एवढंच सांगते. संजयनगरला पाणी येत नाही, पण कृष्णा आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांच्या धोका पातळीकडे सरकली की गिऱ्हाईक आणि रस्ता दोन्ही जातात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं आणि पेठांमध्ये दुकानांचे गल्ले पाण्याखाली होते. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच झालं. जुलै-ऑगस्टमध्ये आठ दिवसांच्या वर माल भरू नका, आणि जूनपर्यंत पंधरा दिवसांच्या घरखर्चाएवढे पैसे बाजूला पडलेले असू देत.

नवऱ्याला काम सोडायला सांगू नका, निदान वर्षभर तरी. कुपवाडचा कंत्राटी पगार कमी असेल, पण पहिल्या काही महिन्यांत तुमच्या धंद्याला दम धरता येतो तो त्या पगारावर. पगार घरात येतोय म्हणूनच तुम्ही धंद्याच्या डब्याला हात न लावता राहू शकता. त्यांना कामावरून आल्यावर संध्याकाळी मिरजेला डबे पोचवायला सांगा, आणि त्या फेरीचेही वीस-तीस रुपये वहीत त्यांच्या नावानं लिहा. पुढच्या दिवाळीला वही उघडा. सलग सहा महिने धंद्याच्या डब्यात, तुमची मजुरी काढून, त्यांच्या पगाराएवढे उरत असतील आणि वस्तीबाहेरची किमान दोन कायमची गिऱ्हाइकं असतील, तर दोघांनी बसून पुन्हा विचार करा. तोवर गटातल्या बायकांना सांगा, साठ हजारांत माझं नाव घालू नका.